तिचं बालपणच त्यानं विकत घेतलं!

सुपरहिरोंच्या मालिकेत पूल कोसळतात, गाड्या हवेत उडतात, शहरं बेचिराख होतात. 'जेसिका जोन्स'च्या पहिल्या सीझनच्या आठव्या भागात यातलं फारसं काही होत नाही. एका टुमदार घरात जेवणाचं टेबल मांडलं जातं, सुटाबुटातला एक माणूस प्रेमानं बोलतो आणि बघणाऱ्याच्या तळहातांना घाम फुटतो. पिच्छा पुरवणाऱ्या माणसावर टीव्हीनं पुष्कळ गोष्टी सांगितल्या, पण त्याच्या डोक्यातलं 'प्रेम' इतकं उघडं पाडणारा दुसरा तास मी तरी पाहिलेला नाही. या भागाच्या आतल्या आणि आजूबाजूच्या बारा भन्नाट गोष्टी इथे आहेत. मालिका अजून पाहिली नसेल तर आधी पाहून या, कारण पुढे सगळी गुपितं फोडली आहेत.

1. नावातच प्रश्न

भागाचं नाव आहे 'एकेए डब्ल्यूडब्ल्यूजेडी?'. 'जेसिका जोन्स'च्या प्रत्येक भागाच्या नावाची सुरुवात 'एकेए'नं, म्हणजे 'ऊर्फ'नं होते. पुढची चार अक्षरं अमेरिकेतल्या ख्रिस्ती तरुणांच्या मनगटी पट्ट्यांवर 1990च्या दशकात सर्रास दिसायची. अर्थ असा : 'माझ्या जागी येशू असता तर त्यानं काय केलं असतं?' इथे 'जे' म्हणजे मालिकेची नायिका जेसिका. पाठलाग करणारा माणूस समोर बसून म्हणतोय की मला चांगलं व्हायला शिकव. आता तिनं काय करायचं?

2. दुप्पट भाव, रीतसर व्यवहार

हा पाठलाग करणारा म्हणजे किलग्रेव्ह. तो नुसतं बोलतो आणि समोरचा ते करतो, अशी त्याची शक्ती; जेसिकाही पूर्वी त्याच्या ताब्यात होती. सहाव्या भागात तो पोकरच्या टेबलावर बाकीच्यांना हुकूम सोडून लाखो डॉलर जिंकतो. मग जेसिका लहानपणी जिथे वाढली त्या घराच्या मालकाला गाठतो. घर विकायचं नाही, असं मालक सांगतो. एक शब्द टाकला असता तर घर फुकट मिळालं असतं, पण किलग्रेव्ह शक्ती न वापरता दुप्पट किंमत मोजतो. सौदा खरा हवा, कारण त्याला स्वतःला खरा प्रियकर समजायचं आहे. पुढच्या भागात भर पोलीस ठाण्यात, पोलिसांना बंदुका रोखायला लावून, तो तिच्याजवळ प्रेमाची कबुली देतो!

3. फोटोतून उभारलेलं घर

आठव्या भागात जेसिका स्वतःच्या पायांनी त्या घरात राहायला जाते. आपण इथे असलो तर बाहेरच्या कुणाचा जीव जाणार नाही, हा तिचा हिशोब. दार उघडतं आणि आत सगळं जसंच्या तसं असतं. जुन्या फोटोंवरून किलग्रेव्हनं घर पुन्हा सजवलंय, तिच्या खोलीसकट. तिचे आईवडील आणि भाऊ अपघातात गेले ते ती लहान असतानाच. म्हणजे जी जागा तिच्या दुःखाची आणि मायेची, तिचीच त्यानं भेटवस्तू केली. हा माणूस आठवणींतही घुसतो.

4. दहाच्या ठोक्याला फोटो

घरापर्यंतची वाट फोटोंनी आखली आहे. तिसऱ्या भागाच्या शेवटी जेसिकाला एक खोली सापडते, भिंतभर तिचेच चोरून काढलेले फोटो. फोटो काढणारा निघतो तिचाच शेजारी माल्कम. किलग्रेव्हनं त्याला ड्रग्जच्या नादी लावलंय. माल्कमला वाचवायचं तर एकच अट : जेसिकानं रोज सकाळी दहाला स्वतःचा फोटो स्वतः काढून पाठवायचा, तोही हसरा. ज्याच्यापासून लपायचं त्यालाच रोज हजेरी द्यायची!

5. जांभळा माणूस, जांभळा सूट

किलग्रेव्ह हे पात्र मालिकेपेक्षा पन्नास वर्षांनी मोठं. 1964 मध्ये 'डेअरडेव्हिल'च्या चौथ्या अंकात स्टॅन ली आणि जो ऑरलँडो यांनी त्याला जन्म दिला. कॉमिक्समध्ये त्याची कातडीच जांभळी असते आणि नाव 'पर्पल मॅन'. मालिकेनं रंग कातडीवरून काढून कपड्यांत आणि प्रकाशात टाकला. त्यामुळे तो रस्त्यावरच्या कुठल्याही नीटनेटक्या माणसासारखा दिसतो. आडनावातला एक 'एल'ही मालिकेत गळला.

6. लाडक्या डॉक्टरचा खलनायक

किलग्रेव्ह साकारलाय स्कॉटलंडच्या डेव्हिड टेनंटनं. त्याआधी 'डॉक्टर हू'मधला दहावा डॉक्टर म्हणून तो घराघरात लाडका होता. तीच मिठास, तोच हजरजबाबीपणा त्यानं इथे आणला, आणि म्हणूनच पोटात गोळा येतो. सुरुवातीच्या भागांत त्याचा चेहरा अर्धवट दिसतो, आवाजच जास्त ऐकू येतो. समोर क्रिस्टन रिटरची जेसिका : कातडी जाकीट, व्हिस्की आणि कुणाला जवळ येऊ न देणारी नजर.

7. गल्ल्यांची नावं

भीतीचा झटका आला की जेसिका लहानपणीच्या भागातल्या रस्त्यांची नावं ओळीनं पुटपुटते. हा नुसता पटकथेतला अलंकार नाही. आघातातून गेलेल्या माणसाला वर्तमानात परत आणण्यासाठी समुपदेशक अशाच युक्त्या शिकवतात : ओळखीच्या गोष्टी मोजा, नावं घ्या, पायाखालची जमीन जाणवू द्या. आठव्या भागात किलग्रेव्ह याच रस्त्यांवर येऊन बसलाय. मालिकेनं सातव्या भागापर्यंत जपलेला तिचा आसरा एका दृश्यात हिरावला जातो.

8. शेजारीणबाईंचा नाश्ता

घराच्या अंगणात शेजारीण येते आणि जेसिकाच्या कुटुंबाच्या अपघाताबद्दल मोठ्या तोंडानं बोलू लागते, जणू तिला आधीच सगळं कळलं होतं. किलग्रेव्ह तिला खरं बोलायला लावतो. बाईंचं पितळ उघडं पडतं, जेसिकाच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान उमटतं आणि आपल्याही मनात 'बरं झालं' येतं. इथेच लेखकांनी आपल्याला पकडलंय. भागाच्या शेवटी हीच शेजारीण त्याच्या हुकमावरून हातात बॉम्ब घेऊन चालत जाते आणि जीव गमावते.

9. एक चांगलं काम

जेसिका किलग्रेव्हला एका घरी नेते. तिथे एकानं बंदुकीच्या धाकानं स्वतःच्याच बायकामुलांना ओलीस धरलंय. किलग्रेव्हच्या चार शब्दांत प्रसंग निवळतो, सगळे वाचतात. त्याला त्याची झिंग चढते. आणि जेसिकापुढे भागातला सगळ्यात अवघड पेच उभा राहतो : आयुष्यभर याच्या शेजारी राहून याला वळण लावलं तर किती जीव वाचतील? पण किलग्रेव्हच्या घरात स्वयंपाक करणाऱ्यांना त्यानं बजावून ठेवलंय की मला काही झालं तर एकमेकांचे चेहरे सोलायचे. जेसिका बाहेर पडते ती पर्यायाचा विचार करायला, आणि परत येते ती त्याला भूल देऊन उचलून न्यायला. भुलीचं औषध का? दुसऱ्या भागात उलगडतं की पूर्ण बेशुद्ध झाला की त्याचा ताबा सुटतो, म्हणून मूत्रपिंडाची शस्त्रक्रियाही त्यानं शुद्धीत राहून करून घेतली होती.

10. शब्द तोंडावर, अत्याचार पडद्याआड

या भागात जेसिका त्याच्या तोंडावर 'बलात्कार' हा शब्द उच्चारते. तो चक्रावतो. उंची हॉटेलं, उत्तम जेवण, महागडे कपडे, हे सगळं दिलं की, असा त्याचा सूर. तिची इच्छा नव्हती, ही गोष्ट त्याच्या हिशोबातच नाही. मालिकेची निर्माती मेलिसा रोझेनबर्ग हिनं अत्याचार पडद्यावर कधीच दाखवला नाही, त्याचे व्रण दाखवले. दहाव्या भागात तो म्हणतो की अठरा सेकंद तू माझ्या हुकमाखाली नव्हतीस, तरी गेली नाहीस. तिला मात्र ते सेकंद अगदी वेगळे आठवतात : ती निसटायच्या बेतात होती आणि तेवढ्यात त्याचा पुढचा हुकूम आला. अशी आठवणींची ओढाताण अनेक बायकांनी खऱ्या आयुष्यात सोसली आहे.

11. शिकारीचा शब्द, कायद्याचं कलम

'स्टॉक' हा इंग्रजी शब्द शिकारीतलाही : सावजाच्या मागे दबक्या पावलांनी जाणं. मराठीत आपण पाठलाग, पाळत, पिच्छा असं म्हणतो, पण आपल्या सिनेमांनी त्याला वर्षानुवर्षं प्रेमाचं नाव दिलं. कायद्यालाही जाग यायला वेळ लागला. अमेरिकेत याविरुद्धचा पहिला कायदा कॅलिफोर्नियात 1990 मध्ये झाला, अभिनेत्री रिबेका शेफरची पिच्छा पुरवणाऱ्यानं हत्या केल्यानंतर. भारतात 2013 मध्ये दंड संहितेत कलम 354-ड आलं, आणि आता भारतीय न्याय संहितेत ते कलम 78 आहे. बाईनं स्पष्टपणे नाही सांगितल्यावरही वारंवार संपर्क साधणं, तिच्या इंटरनेट वापरावर नजर ठेवणं, हा गुन्हा आहे. पहिल्याच खेपेला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. किलग्रेव्हच्या अद्भुत शक्तीचा उल्लेख कलमात नाही, आणि त्याची गरजही नाही. शक्ती न वापरता त्यानं केलेलं सगळं या व्याख्येत बसतं.

12. कुलूप कधीच तुटलं होतं

आणि आता खरा धक्का. नवव्या भागाच्या शेवटी किलग्रेव्ह जेसिकाला हुकूम सोडतो आणि तिच्यावर काहीच परिणाम होत नाही. पुढे कळतं की त्याच्या हुकमावरून तिच्या हातून एका निरपराध बाईचा जीव गेला, त्याच दिवशी ती त्याच्या ताब्यातून सुटली होती. म्हणजे आठव्या भागात, त्या सजवलेल्या घरात, ती पहिल्या घासापासून स्वतंत्र होती. त्याला हे माहीत नव्हतं आणि तिलाही नाही. हे कळल्यावर तो भाग पुन्हा पाहा. प्रत्येक दार उघडं दिसेल आणि तरी ती का थांबली हे कळेल : बेडी गळून पडते, पण भीतीला ते कुणी सांगितलेलं नसतं.

ती भीती उतरायला आणखी पाच भाग लागतात. सीझनच्या शेवटच्या भागाचं नाव 'एकेए स्माइल', आणि 2016 चा ह्यूगो पुरस्कार याच भागाला मिळाला. इतके दिवस तो तिला हसायला सांगत आला. शेवटी तोच शब्द तिच्या तोंडून येतो, आणि तो ऐकल्यावर किलग्रेव्हला पुढचा हुकूम द्यायला वेळ उरत नाही.