भरलं घर आणि आपली सही



दिवाळीच्या आधीची आमची बैठक संपली. हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या, तरी कुणी उठेना. ज्या घरी बसलो होतो तिथे टीव्हीवर ‘हम साथ साथ हैं’ लागला होता. १९९९ सालचा सिनेमा, निम्म्या जणींनी चार-पाच वेळा पाहिलेला. तरी सगळ्या भिंतीला टेकून बसलो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. मोठं, श्रीमंत, देवाधर्माचं घर. वडील रामकिशन, आई ममता, तीन मुलं, एक मुलगी. थोरला विवेक पहिल्या बायकोचा, पण ममताने पोटच्या पोरासारखा वाढवलेला. मुलीच्या नवऱ्याला त्याचाच थोरला भाऊ धंद्यातून बाहेर काढतो. ते बघून आईच्या मनात भीती शिरते, तिच्या मैत्रिणी आगीत तेल ओततात आणि ती वाटणी मागते. थोरला आणि त्याची बायको मुकाट्याने रामपूरला निघून जातात. ओळखलंत ना? हे रामायणच आहे. पुढे आईला चूक उमगते आणि सगळे परत एक होतात.

ममताचं काम रीमा लागूंनी केलंय. आपल्या मराठी नाटकांतून तिकडे गेलेल्या. २०१७ साली त्या गेल्या, पण आमच्या एका आक्कांना त्या अजून शेजारच्याच वाटतात. आक्का पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “घर असावं तर असं.”

तेवढ्यात गटातली सगळ्यात धाकटी सून बोलली, “आक्का, इतकी माणसं जेवली, पण भांडी कोण घासतंय?”

एकच हशा झाला. आक्काही हसल्या. मग त्यांनीच सांगितलं, की त्या लग्न होऊन आल्या तेव्हा घरात चौदा माणसं होती. चुलीपुढे सकाळ-संध्याकाळ भाकरी थापायच्या आणि शेवटी टोपल्यात उरेल ते खायचं. कधी कधी उरायचं नाही. पण त्याच घरात त्या बाळंतपणात आजारी पडल्या तेव्हा मोठ्या जावेने त्यांचं लेकरू स्वतःच्या अंगावर पाजलं. “दोन्ही खरं आहे,” त्या म्हणाल्या.

आम्हाला हे बोलणं फार आवडलं. मोठ्या घराचं नुसतं कौतुक करणारी माणसं आम्हाला भेटतात, नुसती नावं ठेवणारीही भेटतात. आक्कांनी दोन्ही एका दमात सांगितलं.

मग विषय समाधानावर गेला. सिनेमातली माणसं सदा हसरी, मग आपलं काय? सगळ्यांनी फिरून सांगायचं ठरलं, की या आठवड्यात जीव कशाने सुखावला. एकीने सांगितलं, सगळे उठायच्या आधी ओट्यावर एकटीने घेतलेला चहा. एकीची परसातली मेथी उगवून आली होती. एकीचं शेळीसाठी घेतलेलं कर्ज फिटलं होतं. एक काकू म्हणाल्या, भजनात टाळ धरला की गुडघे दुखायचे थांबतात. गाडी-बंगला कुणीच बोललं नाही. (साडी मात्र दोघी बोलल्या, ते लपवत नाही.)

शेवटी एक ताई राहिल्या. त्या म्हणाल्या, “माझं समाधान आहे ते भावाचं घर. भाऊबीजेला जायचंय. सोमवारी सहीपण करायचीये.”

कसली सही? तर हक्कसोडीची. वडील वारले, जमीन वडिलोपार्जित. भाऊ म्हणाला, “ताई, तुला तिथे काय कमी आहे? सही करून टाक.” ताई तयार होत्या. कागद वाचला नव्हता. किती गुंठे सोडतोय तेही माहीत नव्हतं.

आत्ता हसत होतो त्या सगळ्या गप्प झाल्या. मग त्या धाकट्या सुनेनेच काढलं, “सिनेमात बघा की. वाटणीची गोष्ट निघाली ती तीन मुलांची. नवऱ्याचा धंदा गेला म्हणून लेक माहेरी आली, पण तिचा वाटा कुणी बोललं का?” आम्हाला तरी ऐकू आलं नव्हतं. इतक्या वेळा पाहून कधी ध्यानातही आलं नव्हतं.

याच सूरज बडजात्यांचा ‘हम आपके हैं कौन’ ५ ऑगस्ट १९९४ ला आला. त्याच्या जेमतेम दीड महिना आधी, २२ जून १९९४ पासून, महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मतः हक्क देणारा कायदा लागू झाला होता. सिनेमाची गाणी घरोघरी पोचली, कायदा पोचला नाही. त्या कायद्यात आधी लग्न झालेल्या मुली बसत नव्हत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून हिंदू वारसा कायद्यात देशभर बदल झाला आणि ती अट राहिली नाही. वडील त्या तारखेला हयात होते की नाही, यावर मुलीचा हक्क अवलंबून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र उकरता येत नाहीत.

हक्कसोडपत्राचंही नीट समजून घेऊ. ते दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात नोंदवतात. एकदा नोंदवलं की मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. फसवणूक झाली असेल तर कोर्टात जाऊन सिद्ध करावी लागते. वारसनोंद ही वेगळी गोष्ट. वडिलांच्या मागे सातबाऱ्यावर मुलींचीही नावं लागायला हवीत, आणि फेरफाराची नोटीस आली तर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. नोटीस चुलीत घालू नका. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. तिथे बाईमाणसाला मोफत सल्ला मिळतो, उत्पन्न कितीही असो.

ताईंना आम्ही सही करू नका असं म्हटलं नाही. भाऊ त्यांचा, जमीन त्यांची. काहीजणी जाणूनबुजून हक्क सोडतात आणि सुखाने राहतात, आमच्या गटातही दोघी आहेत. पण त्या दोघींनी कागद वाचला होता. “जे आपल्याकडे होतं हेच ठाऊक नाही, ते सोडलं कसं म्हणायचं?” असं आक्कांनी विचारलं. आक्का चौथी शिकलेल्या आहेत.

ताई म्हणाल्या, “विचारलं तर भाऊ तुटेल.” यावर आमच्याकडे पक्कं उत्तर नव्हतं. काहींचे तुटलेत. तेही आम्ही त्यांना सांगितलं.

सोमवारी त्या सहीला गेल्या नाहीत. भाऊबीजेला गेल्या. ओवाळून झाल्यावर त्यांनी भावाकडे सातबाऱ्याची नक्कल मागितली. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, देतो. वहिनीने निघताना पिशवीत चकल्या आणि अनारसे घातले.

नक्कल अजून आलेली नाही. पुढच्या बैठकीला ताई येताना काय आणतात ते बघू. त्या दिवशी ‘हम आपके हैं कौन’ लावायचं ठरलंय, आणि भांडी पुरुषांनी घासायची असं धाकट्या सुनेने वहीत लिहून ठेवलंय.