कटिंग मशीन भंगारात देण्यापूर्वी प्रिंटर पोर्ट तपासा

चेंबूरच्या पूर्वेला गोवंडी स्थानकापासून चीता कॅम्पपर्यंत गल्लोगल्ली लहान कारखाने आहेत. कुठे जरीचे काम, कुठे बॅगा, कुठे फर्निचर, तर कुठे दुकानांच्या पाट्या. यातील पुष्कळ मालक आणि कारागीर आपल्या समाजातले आहेत. चीता कॅम्प ही वस्तीच मुळी १९७६ साली वसली. आणीबाणीत भाभा अणुसंशोधन केंद्राजवळची जनता कॉलनी उठवली गेली आणि उठलेल्या माणसांनी इथे येऊन हातातल्या हुनरावर पुन्हा संसार उभे केले.

अशाच एका पाट्यांच्या कारखान्यात गेल्या पावसाळ्यात जाणे झाले. कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद टाकून एक राऊटर मशीन उभे होते. ॲक्रिलिकची अक्षरे, लाकडी जाळी आणि दारावरच्या नावाच्या पाट्या त्यावर कापल्या जात. मशीन सेकंडहँड घेतलेले, पण त्यासाठी घरातला दागिना मोडलेला. ओल लागून जुना कॉम्प्युटर बंद पडला. नवा आणला तर त्याच्या पाठीमागे प्रिंटरचे लांबट पोर्टच नाही. दुकानदाराने यूएसबीची प्रिंटर केबल दिली, ती लावून मशीन जागचे हलेना. मग त्याच दुकानदाराने सल्ला दिला की मशीन जुने झाले, काढून टाका. भंगारवाला येऊन लोखंडाच्या वजनाचा भावही सांगून गेला होता. प्रस्तुत लेखकाने पाहिले तेव्हा मोटारी ठीक होत्या, ड्रायव्हर ठीक होते, स्क्रू आणि रेल ठीक होते. बिघाड मशीनमध्ये नव्हताच.

कटिंग मशीन दोन जातींची असतात आणि सारा घोटाळा इथेच होतो. स्टिकर कापणारा व्हिनाइल कटर हा हुशार शागीर्दासारखा असतो. त्याच्या पोटात स्वतःचा मेंदू असतो. त्याला नकाशा दिला की हात कसा फिरवायचा हे तो स्वतः ठरवतो. त्याच्या बाबतीत पॅरलल पोर्ट खरोखरच प्रिंटरसारखे काम करते, म्हणून यूएसबीची केबल बहुधा चालते. साध्या राऊटरचे तसे नाही. तो अगदी नवा पोऱ्या. हातोडीचा प्रत्येक ठोका उस्तादाने सांगावा लागतो, आणि तोही नेमक्या क्षणी. तिथे मशीनला मेंदू नसतो, मेंदू म्हणजे समोरचा कॉम्प्युटर. पॅरलल पोर्टच्या तारांवर तो वीज चालू-बंद करतो, आणि दर ठोक्याला मोटर एक पायरी सरकते.

हे ठोके किती जलद असतात याचा अंदाज घ्या. माक-३ हा या कामाचा जुना प्रसिद्ध प्रोग्राम नेहमीच्या सेटिंगवर सेकंदाला २५,००० ठोक्यांपर्यंत जातो. म्हणजे दोन ठोक्यांत ४० मायक्रोसेकंदांचे अंतर. यूएसबीची प्रिंटर केबल माहितीची पुडकी बांधून पाठवते आणि प्रिंटरच्या भाषेतच बोलते. पिनांवर हवा तेव्हा ठोका देणे तिला जमत नाही. त्यामुळे राऊटरसाठी अशी केबल कोणी विकत असेल तर पैसे देऊ नयेत, मग ती कितीही महागाची असो.

मग पोर्ट आणायचे कुठून? पहिली गोष्ट, कॉम्प्युटर उघडून पाहा. काही मदरबोर्डांवर मागे पोर्ट नसले तरी आत एलपीटी असे लिहिलेली पिनांची दुहेरी रांग असते. तिला पट्टीची केबल लावली की खरेखुरे पोर्ट मिळते. नसेल तर पीसीआय किंवा पीसीआय एक्स्प्रेस कार्ड घ्यावे. लॅमिंग्टन रोडला विचारले तर मिळते. जुना डेस्कटॉप मिळत असेल तर तो उत्तमच. लॅपटॉप मात्र टाळावा. वीज वाचवण्यासाठी तो मधूनमधून दम खातो आणि तेवढ्यात ठोके चुकतात. एक सावधगिरी बाळगावी. कॉम्प्युटरच्या बाजूला भोके असलेले २५ चे पोर्ट पॅरलल असते. फार जुन्या कॉम्प्युटरवर बाहेर आलेल्या पिनांचे २५ चेच दुसरे पोर्ट असते, ते सिरियल. त्यातील व्होल्टेज जास्त असते. जोडणी बदलणारी केबल लावून ते इथे जोडाल तर बोर्ड जळेल.

पिनांचा हिशोब एकदा वहीत लिहून ठेवावा. २ ते ९ या आठ आणि १, १४, १६, १७ या चार, अशा बारा पिनांवर कॉम्प्युटर हुकूम बाहेर पाठवतो. १०, ११, १२, १३ आणि १५ या पाच पिनांवर मशीनकडून खबर आत येते. १८ ते २५ ग्राउंड. बहुतेक बोर्डांवर २ आणि ३ वर एक्स मोटरचा ठोका व दिशा, ४ आणि ५ वर वाय, ६ आणि ७ वर झेड असे असते. पण हे बोर्ड बनवणाऱ्यावर अवलंबून आहे, तेव्हा बोर्डाचा कागद असेल तर त्यावर भरवसा ठेवावा. पोर्टच्या तारा थेट ड्रायव्हरला जोडू नयेत. मध्ये ऑप्टोकपलर असलेला ब्रेकआऊट बोर्ड हवाच. तिकडे काही जळाले तरी कॉम्प्युटर वाचतो. काही नव्या कार्डांतून ५ ऐवजी ३.३ व्होल्टच निघतात आणि जुना बोर्ड ते ओळखत नाही. सर्व बरोबर असून मोटर हलत नसेल तर मीटर लावून हे तपासावे.

आता सेटिंग. कॉम्प्युटर सुरू होताना बायोसमध्ये जाऊन पॅरलल पोर्टचा पत्ता पाहावा. बोर्डावरच्या पोर्टचा पत्ता बहुधा हेक्स पद्धतीतला ३७८ असतो, दुसऱ्या पोर्टचा २७८. मोड ईपीपी ठेवून सुरुवात करावी. ईसीपी हा जलद प्रिंटरसाठीचा प्रकार असून काही बोर्डांवर तो त्रास देतो. आत कार्ड बसवले असेल तर ३७८ वर काही सापडणार नाही, कार्डाचा पत्ता वेगळाच असतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या रिसोर्सेस या पानावर तो दिसतो आणि तोच प्रोग्राममध्ये भरायचा असतो. वर सांगितलेल्या कारखान्यात कार्ड बसवल्यावरही मशीन मुके राहिले ते याच एका आकड्यापायी, आणि दीड दिवस त्यात गेला.

पुढचा आकडा पायऱ्यांचा. नेहमीची स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पायऱ्या घेते. ड्रायव्हरवर ८ चे मायक्रोस्टेप असेल तर १,६००. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकत असेल तर एका मिलिमीटरला ३२० ठोके, हा आकडा भरायचा. २५,००० ठोक्यांच्या हिशोबाने हे मशीन मिनिटाला ४,६८७ मिलिमीटरहून जलद धावू शकत नाही, आणि कापताना तेवढी गरजही नसते. नंतर १०० मिलिमीटरचा हुकूम देऊन पट्टीने मोजावे. बरोबर ५० किंवा २०० आले तर ड्रायव्हरवरचे छोटे स्विच चुकीचे आहेत. ९८ किंवा ९९ आले तर आकडा ओढूनताणून बदलू नका. कपलिंग सैल असेल, नट झिजला असेल किंवा वेग जास्त ठेवल्याने पायऱ्या सुटत असतील. आधी पाना हातात घ्यावा.

प्रोग्रामबद्दल. माक-३ पॅरलल पोर्टवर चालवायचा तर ३२ बिटचे विंडोज लागते, म्हणजे एक्सपी किंवा विंडोज ७. नव्या ६४ बिटच्या विंडोजवर त्याचा पोर्ट ड्रायव्हर चालत नाही. एक्सपीला मायक्रोसॉफ्टची मदत २०१४ सालीच संपली, तेव्हा असा कॉम्प्युटर नेटला जोडू नये आणि फक्त मशीनसाठीच ठेवावा. बाजारात माक-३ च्या चोरीच्या प्रती सर्रास वाटल्या जातात. आपल्या वाचकांपुढे इथे हलाल-हरामचा प्रश्नही येतो. १९८८ साली कुवेतच्या बैठकीत आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने लेखन, शोध आणि व्यापारचिन्ह यांवरचे हक्क शरीयतच्या दृष्टीने संरक्षित असल्याचे ठरवले आहे. पैसे नसतील तर लिनक्ससीएनसी हा प्रोग्राम उघडपणे मोफत आहे. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत सुरू झालेल्या कामातून तो निघाला आणि पॅरलल पोर्ट तो आजही चालवतो. त्याच्याबरोबर कॉम्प्युटर किती दम खातो हे मोजणारी चाचणी येते. ती अर्धा तास चालू ठेवून बाकीची कामे उघडबंद करावीत. आकडा २०,००० नॅनोसेकंदांच्या आत राहिला तर उत्तम, ५०,००० पर्यंत चालेल, लाखावर गेला तर तो कॉम्प्युटर या कामाचा नाही. पोरे शिकायला थोडी कुरकुर करतील, पण महिनाभरात हात बसतो.

आता जी गोष्ट सर्वांत जास्त जपायची, ती. कॉम्प्युटर सुरू होताना पोर्टच्या पिना वाटेल तशा वरखाली होतात. प्रिंटर आहे का हे तो चाचपत असतो. त्या क्षणी मोटारींना वीज असेल तर टेबल धक्का घेते आणि स्पिंडलची रिले याच पोर्टवर असेल तर बिट फिरू लागतो. पोऱ्या नेमका तेव्हा बिट बदलत असला तर बोट गेलेच. म्हणून आधी कॉम्प्युटर, मग प्रोग्राम, शेवटी मोटारींची वीज. बंद करताना उलट क्रम. बोर्डावर चार्ज पंपची सोय असेल तर ती जरूर वापरावी. प्रोग्राम जागा असेपर्यंत एका पिनेवर सतत ठोके पाठवतो, ते थांबले की बोर्ड सर्व हुकूम तोडतो.

लाल इमर्जन्सी बटणाची तार अनेक जण फक्त १० नंबरच्या पिनेला जोडून मोकळे होतात. प्रोग्राम अडकला तर ती खबर घेणार कोण? बटणाने मोटारी आणि स्पिंडल यांची वीजच थेट तुटली पाहिजे, पिनेला खबर गेली तर ती वेगळी. बटण असे जोडावे की दाबलेले नसताना सर्किट पूर्ण राहील. म्हणजे उंदराने तार कुरतडली तरी मशीन थांबेल, चालू राहणार नाही. चाळीतल्या खोलीत अर्थिंग नसते, तेही वायरमनकडून करून घ्यावे. स्पिंडलच्या इन्व्हर्टरची तार आणि पोर्टची केबल एकत्र बांधली की मशीन मध्येच लिमिट लागले म्हणून थांबते आणि आपण दिवसभर पोर्टला दोष देत बसतो. दोन्हींत हातभर अंतर ठेवावे, केबल आखूड आणि शील्ड असलेली घ्यावी.

ज्यांना एवढी खटपट नको, त्यांनी यूएसबी किंवा इथरनेटचा मोशन कंट्रोलर घ्यावा. त्यात ठोके देणारा मेंदू बाहेरच्या डबीत असतो, म्हणून तिथे यूएसबी चालते. मोटारी आणि ड्रायव्हर जुनेच राहतात. पण चालते पोर्ट हाताशी असताना हा खर्च करण्याची घाई नको.

त्या कारखान्यात कार्डाचा पत्ता सापडल्यावर त्याच संध्याकाळी १०० मिलिमीटरची रेघ १०० भरली. पहिले काम होते वुजूखान्याच्या उर्दू पाटीचे. १९९४ साली इनपेज आल्यापासून नस्तालीक अक्षरे कातिबाशिवाय मिळू लागली, पण ती जशीच्या तशी कोरलड्रॉमध्ये नेऊन कापली की फसगत होते. नस्तालीकमध्ये एका तुकड्याची रेघ शेजारच्या तुकड्यावर चढते आणि मशीन दोन्हींच्या कडा कापते. पाटीतला काफ मधोमध चिरला गेला. मालक म्हणाले, पुन्हा पोर्ट बिघडले. पोर्टने सांगितले तेच कापले होते. अक्षरे वेल्ड करून एक केली, नुक्ते वेगळे कापून हाताने चिकटवले आणि दुसऱ्या दिवशी जुम्याच्या आधी पाटी लागली.