घरातला कॅमेरा (लेखांक ७) : एक खिडकी, एक मावळा

मागच्या आठवड्यात ताटातल्या पदार्थांचे फोटो झाले. आज विषय चार बोटं उंचीच्या माणसांचा. दिवाळीत किल्ल्यावर मांडतो ती चित्रं: मावळे, वासुदेव, भाजीवाली, डोक्यावर घागर घेतलेली गवळण. दिवाळी संपली की किल्ला मोडतो आणि चित्रं खोक्यात घालून माळ्यावर जातात. यंदा पावसाने शाळेला सुट्टी मिळाली, तेव्हा भाच्याने ते खोकं खाली काढलं. बाजारातले ओबडधोबड रंग खरवडून त्याने सहा चित्रं नव्याने रंगवली. मिशा तर एका केसाच्या ब्रशने काढाव्यात तशा. मग म्हणाला, "मामा, यांचे फोटो काढ ना."

मी काढले, आणि वाट लावली. रात्रीची वेळ, डोक्यावर ट्यूब, वर फोनचा फ्लॅश. मावळ्याच्या गालावर पांढरा चट्टा, पाठीमागच्या भिंतीवर काळी सावली आणि मिशी गायब. दोन तास खपून रंगवलेलं चित्र दहा रुपयांच्या चित्रासारखं दिसत होतं. भाचा काही बोलला नाही, ते जास्त लागलं.

चूक फ्लॅशच्या जागेत आहे. तो भिंगाला चिकटून असतो, म्हणून उजेड समोरून जातो आणि सावल्या वस्तूच्या मागे लपतात. नाकाचा उंचवटा, फेट्याचे पीळ, अंगरख्याच्या चुण्या आपल्याला सावलीमुळे कळतात. सावली गेली की आकार गेला.

हे मला पुस्तकाआधी बोहाड्याने शिकवलं होतं. आमच्या पेठ-सुरगाण्याकडे, तसंच जव्हार-मोखाड्याकडे, उन्हाळ्यात रात्री बोहाडा नाचतात. संबळ वाजते, मशाली हलतात आणि रावणाचं, नरसिंहाचं, त्राटिकेचं सोंग अंधारातून पुढे येतं. बाजूने येणाऱ्या त्या हलत्या उजेडात मुखवट्याचे डोळे जिवंत वाटतात. तोच मुखवटा सकाळी ओटीवर ठेवलेला पाहिला तर नुसता रंगवलेला कागदाचा लगदा. रंग तेच, मुखवटा तोच. फरक उजेड कुठून येतो याचा.

तेव्हा पहिलं काम घरातले दिवे बंद करण्याचं. सगळे. खिडकीचा उजेड निळसर, पिवळ्या बल्बचा तांबूस. दोन्ही एकदम पडले की मावळ्याचा एक गाल आजारी दिसतो आणि कॅमेऱ्याला नेमका कुठला रंग खरा मानावा ते कळत नाही. एकच खिडकी ठेवा. टेबल तिच्यापासून हात-दीड हातावर, आणि उजेड चित्राच्या एका बाजूने, किंचित समोरून येईल असं. दुसऱ्या बाजूला वीतभर अंतरावर पांढरा थर्माकोल उभा करा. त्यावरून परतलेला उजेड काळवंडलेल्या गालावर पडतो. सावली पूर्ण पुसू नका, फक्त तिच्यातले तपशील दिसू द्या.

पेठला आषाढात सूर्य दिसत नाही अशी तक्रार असते. फोटो काढणाऱ्याने ती करू नये. सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो, म्हणून उन्हातली सावली सुरीने कापल्यासारखी पडते. ढग भरून आले की अख्खं आकाशच दिवा होतं आणि सावलीच्या कडा विरघळतात. दिवाळीत खिडकीतून ऊन येत असेल तर तिला बटर पेपर चिकटवा किंवा धुतलेलं पांढरं धोतर टांगा. काम तेच होतं.

एक गोष्ट रंगवणाऱ्यांसाठी. भाच्याने फेट्याच्या माथ्यावर फिकट रंग दिला होता आणि चुण्यांत गडद, म्हणजे वरून उजेड पडतो असं गृहीत धरून. अशा चित्राला खालून उजेड दिला तर रंगवलेली सावली आणि खरी सावली भांडतात. म्हणून खिडकीचा खालचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकला. उजेड वरून उतरू लागला आणि फेटा एकदम गोल दिसला. ऑइलपेंटची चकाकी त्रास देत असेल तर चित्र थोडं थोडं फिरवत जा. एका कोनात चट्टा नाहीसा होतो.

पार्श्वभूमीसाठी ड्रॉइंगचा मोठा कागद पुरतो. त्याचं वरचं टोक भिंतीला चिकटवायचं, खालचं टेबलावर सोडायचं आणि मध्ये घडी न घालता झोळीसारखं वळण द्यायचं, म्हणजे मागे रेघ दिसत नाही. पांढऱ्यापेक्षा राखाडी कागद बरा. पांढरं खूप दिसलं की कॅमेरा उजेड जास्त समजून फोटो काळपट करतो, काळं दिसलं की उलटं. शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंतीइतकी सुंदर पार्श्वभूमी मी विकत घेतलेली नाही, पण चित्र तिच्यापासून फूटभर पुढे ठेवा. ती धूसर झाली पाहिजे. नाहीतर सारवणातली एकेक काडी मावळ्यापुढे ओंडक्यासारखी दिसते.

हे मापाचं गणित मला फार आवडतं. चित्र पाच सेंटिमीटरचं आणि माणूस १७० सेंटिमीटरचा धरला, तर सगळं जग ३४ पट लहान झालं. तांदळाचा सहा मिलिमीटरचा दाणा तिथे वीस सेंटिमीटरचा धोंडा होतो. नागलीचा दीड मिलिमीटरचा दाणा होतो पाच सेंटिमीटरचा, म्हणजे वाटेवरचा खडा. आमच्या स्वयंपाकघरातली मूठभर नागली मावळ्याच्या पायाखाली पसरली आणि ती खरोखरच घाटवाट वाटू लागली. उगवलेली मोहरी झुडपांसारखी शोभते. बांबूच्या चटईची वीण मात्र लगेच चुगली करते.

फोन अगदी जवळ नेऊ नका. जवळून नाक मोठं आणि पाय बारीक येतात, शिवाय मिशी स्पष्ट तर तलवार धूसर. एक-दीड फूट मागे या आणि दुपटीने झूम करा. काही नवे फोन जवळ जाताच आपोआप दुसरं भिंग वापरतात. ती सोय बंद करा. भिंग मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, त्यासाठी टेबलाशी गुडघे टेकावे लागतात. वरून काढला तर तो खेळणं दिसतो, समोरून काढला तर पहाऱ्यावरचा माणूस. फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवा, चेहऱ्यावर बोट दाबून फोकस कुलूपबंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

अशा घरगुती खटाटोपाला आपल्या शेजारच्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा आधार आहे. १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुराची वाढ टप्प्याटप्प्याने टिपली. नट नाही, सेट नाही. एक कुंडी आणि अफाट चिकाटी.

सहाही चित्रांचे फोटो आता भाच्याच्या वहीत चिकटवले आहेत. गवळणीचा मात्र नीट आलेला नाही. घागरीची सावली तिच्या डोळ्यांवर पडते. तिला पुन्हा बसवणार आहे.

पुढच्या आठवड्यात पितळ आणि काच. तोवर घरातली एक समई लख्ख घासून ठेवा, आणि तिच्यात तुमचा स्वतःचा चेहरा कुठे कुठे दिसतो ते पाहून ठेवा.