मेदाची कणगी

माजलेल्या माणसाला ‘चरबी चढली आहे’ असे आपण म्हणतो. भाषेने चरबीला दुर्गुण ठरवले आणि वैद्यकानेही तिला दीर्घकाळ उरलेल्या अन्नाची मुकी कणगी मानले. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचे जनुक शोधले आणि ही कणगी बोलते हे उघड झाले. मेदपेशींतून निघणारे लेप्टिन हे प्रथिन मेंदूला साठ्याची खबर देते. पुढच्या संशोधनात एक वेगळाच प्रश्न महत्त्वाचा ठरला : चरबी किती आहे यापेक्षा ती वाढते कशी?

जादा अन्न आले की मेदऊतीपुढे दोन वाटा असतात. आहेत त्या पेशी फुगवायच्या किंवा नव्या घडवायच्या. नव्या पेशींचा कच्चा माल म्हणजे रक्तवाहिन्यांलगत थांबलेल्या पूर्वपेशी. त्यांचे काय करायचे, हे संदेशवाहक प्रथिने ठरवतात. बीएमपी-४ त्यांना मेदपेशी होण्याकडे ढकलते. विंट गटातली प्रथिने त्यांना रोखून धरतात. टीजीएफ-बीटाही अडसर घालते, शिवाय ऊतीत तंतू वाढवते. या ओढाताणीचा निकाल पेशीच्या केंद्रकातल्या पीपीएआर-गॅमा या प्रथिनापाशी लागतो. ते जागे झाले की मेदपेशी घडवणारी जनुके कामाला लागतात.

नव्या पेशी पुरेशा झाल्या नाहीत, तर जुन्याच फुगत राहतात. त्यांना प्राणवायू अपुरा पडतो, भोवती तंतूंचे जाळे घट्ट होते, प्रतिकारपेशी गोळा होतात आणि दाह सुरू होतो. कणगीत न मावलेला मेद मग यकृतात आणि स्नायूंत सांडतो. तिथे इन्सुलिनचे ऐकले जात नाही. मधुमेहाची वाट इथून जाते.

याचा पुरावा उंदरांनी दिला. लेप्टिन नसलेले उंदीर मुळातच लठ्ठ व मधुमेही असतात. २००७ मध्ये फिलिप शेरर यांच्या गटाने अशा उंदरांत ॲडिपोनेक्टिन हे मेदपेशींचेच एक प्रथिन वाढवले. उंदीर आणखी लठ्ठ झाले, पण रक्तातली साखर सुधारली आणि यकृतातला मेद घटला. उलट, ज्या माणसांत जन्मतःच मेदऊती जवळजवळ नसते, त्यांना तीव्र मधुमेह होतो. पीपीएआर-गॅमाला चेतवणारे पायोग्लिटाझोन हे औषधही हेच सांगते : वजन थोडे वाढते, साखर मात्र उतरते.

हा विषय आपल्या दाराशी आणला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पुण्याकडच्या बाळांचे स्नायू कमी भरले, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये याज्ञिकांनी लंडनच्या जॉन यडकिन यांच्यासोबत स्वतःचेच छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचा एकच, २२.३, शरीरातली चरबी मात्र यडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के.

दक्षिण आशियाई लोकांत कातडीखालची कणगी लवकर भरते आणि मेद पोटातल्या अवयवांकडे वळतो, असे एक स्पष्टीकरण संशोधक मांडतात. ते पूर्ण सिद्ध व्हायचे आहे. पण ‘सडपातळ आहे, त्याला कसली साखर?’ हा आपला घरगुती निर्वाळा किती तकलादू आहे, हे त्यातून दिसते. वजनकाटा साठा मोजतो. कणगीत जागा किती उरली, हे त्याला सांगता येत नाही. म्हणून अंगाने बारीक, पण पोट सुटलेल्या माणसानेही रक्त तपासून घ्यावे.