गव्हाची ॲलर्जी : मुलांना नेमके कोणते प्रथिन बाधते?

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुका हा ज्वारीच्या पट्ट्यातला. तरीही बाळाच्या वरच्या आहारात गहू लवकर येतो. रव्याची खीर, शेवया, दुधात बुडवलेले बिस्कीट. बहुतेक मुलांना तो सोसतो. मोजक्या मुलांना मात्र गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते किंवा धाप लागते. ही गव्हाची ॲलर्जी. तिला कारणीभूत असतात गव्हातील काही ठरावीक प्रथिने.

गव्हात कोणती प्रथिने असतात?
मळलेली कणीक पाण्याखाली धूत राहिल्यास पांढरे पाणी निघून जाते आणि हातात चिवट गोळा उरतो. हे ग्लुटेन. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ थॉमस ऑस्बॉर्न यांनी १९०७ मध्ये गव्हातील प्रथिनांवर ग्रंथ लिहिला. प्रथिन कशात विरघळते यावरून त्यांचे गट पडतात : पाण्यात अल्ब्युमिन, मिठाच्या पाण्यात ग्लोब्युलिन, अल्कोहोलमध्ये ग्लायडिन आणि सौम्य आम्ल किंवा अल्कलीत ग्लुटेनिन. शेवटच्या दोन गटांचे मिळून ग्लुटेन बनते.

दोषी प्रथिन कसे ओळखतात?
ॲलर्जी असलेल्या मुलाच्या रक्तात ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे असतात. प्रयोगशाळेत गव्हाची प्रथिने आकारानुसार वेगळी करून त्यांवर मुलाच्या रक्ताचा द्राव सोडतात. प्रतिपिंडे ज्या प्रथिनाला चिकटतात, ते संशयित. याच वाटेने ‘ओमेगा-५ ग्लायडिन’ पुढे आले. गहू खाताच त्रास होणाऱ्या मुलांमध्ये ते प्रमुख कारण असल्याचे फिनलंडमधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले. ग्लुटेनिन आणि अल्फा-अमायलेज इन्हिबिटर हीदेखील संशयितांच्या यादीत आहेत.

याचा पालकांना उपयोग काय?
गव्हाची साधी आयजीई तपासणी कधी कधी फसवते. गवताच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या मुलातही ती ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते, कारण गहू हाही गवताच्याच कुळातला. अशा वेळी मुलाचा गहू विनाकारण बंद होतो. ओमेगा-५ ची वेगळी तपासणी निदान नेमके करायला मदत करते. मात्र ती ‘निगेटिव्ह’ आली म्हणून ॲलर्जी नाहीच, असे नाही. अंतिम निर्णय लक्षणांचा इतिहास आणि गरज पडल्यास रुग्णालयात डॉक्टरांसमोर थोडा थोडा गहू देऊन घेतलेली चाचणी यावरच होतो. ही चाचणी घरी करू नये.

सिलिॲक म्हणजे हीच ॲलर्जी का?
नाही. सिलिॲकमध्ये ग्लुटेनमुळे आतड्याच्या अस्तराला हळूहळू इजा होते. जुलाब, पोट फुगणे, रक्त कमी होणे, वाढ खुंटणे ही त्याची लक्षणे. त्याची रक्ततपासणी वेगळी असते आणि ती होईपर्यंत गहू बंद करू नये, नाहीतर अहवाल चुकीचा येऊ शकतो. ॲलर्जीत गांधी, सूज किंवा धाप दिसली असेल, तर मात्र गहू लगेच थांबवून डॉक्टरांना भेटावे.

घरात काय पाहावे?
• ज्वारी, बाजरी, तांदळात ग्लुटेन नसते. पण गिरणीत आधी गहू दळला असेल तर त्याचे पीठ ज्वारीत मिसळते. स्वच्छ केलेल्या जात्यावर दळून घ्यावे किंवा घरी दळावे.
• खपली हाही गहूच. कुरडईच्या चिकातही गव्हाची प्रथिने राहतात.
• बाजारातील खड्याच्या किंवा पुडीच्या हिंगात अनेकदा मैदा असतो. पाकिटावरील ॲलर्जीची सूचना वाचावी.
• अंगणवाडीताई आणि शिक्षकांना लेखी कळवावे.

धाप लागणे, आवाज बसणे किंवा मूल मलूल पडणे ही धोक्याची खूण आहे. लगेच १०८ वर फोन करावा. अशा वेळी ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपचार असतो.

अनेक मुलांची ही ॲलर्जी वाढत्या वयात जाते. म्हणून गहू कायमचा बंद न ठेवता ठरावीक काळाने फेरतपासणी करून घ्यावी. तोवर ताटात भाकरी आहेच.