तीन रविवार पुकारून

दिवाळीच्या सुट्टीत नांदेडला घरी आले तेव्हा मैत्रिणीच्या लग्नाची तारीख धरून झाली होती. २७ डिसेंबर, शनिवार. बाहेरगावी नोकरीला गेलेली लेकरं नाताळच्या आठवड्यात हमखास घरी येतात, म्हणून मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्न काढायचं ते बहुधा नाताळात, नाहीतर मे महिन्यात. शिवाय यंदा त्या तारखेला पौष आहे. पौषात आपल्याकडे लग्न धरत नाहीत, त्यामुळे एरवी सहा-सहा महिने आधी अडवावं लागणारं मंगल कार्यालय एका फोनवर मिळालं, तेही कमी भाड्यात. तारीख आणि कार्यालय मिटलं की बाकीच्या लग्नांत घरच्यांचा जीव निम्मा भांड्यात पडतो. चर्चमधल्या लग्नाचं खरं काम मात्र तिथून पुढे सुरू होतं, आणि ते काम म्हणजे दहा ठिकाणचे कागद आणि तीन रविवार.

मैत्रीण नर्स आहे, नांदेडची. मुलगा लातूरला शिकवणी वर्गात भौतिकशास्त्र शिकवतो. दोघांनाही सुट्टी मिळणं कठीण. तिची ड्यूटी आणि त्याच्या नीटच्या बॅचेस. मला मात्र पाडव्यापर्यंत आणि त्यानंतरही मोकळीक होती. आई म्हणाली, "दिवाळीला आलीस का लग्नाला?" आणि मग तीच त्यात शिरली.

पहिली भेट पाळकसाहेबांची. चर्चशेजारी त्यांची छोटी खोली, भिंतीवर लग्न लावण्याचा सरकारी परवाना चौकटीत लावलेला. त्यांनी नोटिशीचा फॉर्म पुढे ठेवला. दोघांची पूर्ण नावं, व्यवसाय, राहण्याचा पत्ता, त्या पत्त्यावर किती दिवस राहता, लग्न कोणत्या चर्चमध्ये लागणार. हे सगळं १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यातून आलेलं. तो कायदा झाला तेव्हा नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. आज दीडशे वर्षं उलटून गेली, मराठवाडा आधी मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला, तरी चर्चमधलं लग्न त्याच कायद्यानं लागतं. नोटीस पाळकांकडे द्यायची, ती चर्चमध्ये सगळ्यांना दिसेल अशा जागी लावली जाते. मग दोघांपैकी एकानं, या लग्नाला नात्याची किंवा दुसरी कुठलीही कायदेशीर अडचण नाही, असं लिहून द्यायचं. त्यानंतर प्रमाणपत्र. आणि ते मिळाल्यापासून दोन महिन्यांत लग्न लागलं नाही तर ते बाद होतं, सगळं पहिल्यापासून. पाळकसाहेबांनी कॅलेंडर उलटून पाहिलं. ऑक्टोबरात प्रमाणपत्र दिलं तर २७ डिसेंबर हुकतो. "कागद आत्ता गोळा करा," ते म्हणाले, "नोटीस नोव्हेंबरात घेऊ. मग तीन रविवार पुकारतो."

पुकारणं म्हणजे काय ते मैत्रिणीनं मला लहानपणी एकदा दाखवलं होतं, तिच्या आत्याच्या वेळी. रविवारच्या उपासनेत पाळक उभे राहून दोघांची नावं, आईवडिलांची नावं, गावं वाचतात आणि मंडळीला विचारतात: या लग्नाला कुणाची रास्त हरकत आहे का, असेल तर सांगा. एकदा नाही, सलग तीन रविवार. यंदा ३० नोव्हेंबर, ७ आणि १४ डिसेंबर. मुलाच्या मंडळीतही तेच. आपल्या लग्नांत चौकशी होतेच, पण ती दबक्या आवाजात, मामामार्फत, शेजाऱ्यांकडून. इथे ती भर सभेत, वर-वधू समोर बसलेले असताना होते. मला ही पद्धत फार मोलाची वाटते. आधीचं लग्न लपवून दुसरं करणारा माणूस तीन रविवारांच्या त्या प्रश्नातून सहज सुटत नाही.

वेळेवरून थोडी चर्चा झाली. मुलाच्या मामांचं म्हणणं, लातूरची माणसं दुपारी जेवून निघतील, गोरजावर साडेसहाला लावू. पाळकसाहेबांनी शांतपणे सांगितलं की कायद्यानं लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आतच लागलं पाहिजे. साडेसहाला सुरू केलं तर उपासना आणि प्रवचन धरून सात वाजून जातील. मग चार ठरले. मराठवाड्यात वरात नाचत नाचत दोन तास उशिरा येणं कुणाला खटकत नाही. या लग्नात ते चालणार नाही, हे दोन्हीकडच्या पोरांना त्याच दिवशी कळवून टाकलं.

दाखल्यांचं काम सगळ्यांत जास्त वेळ खाणारं निघालं. बाप्तिस्म्याचा दाखला, जन्माचा किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आधार, मुलाच्या मंडळीचं ना हरकत पत्र. मुलाचं घराणं मूळचं जालन्याचं, त्याचा बाप्तिस्मा तिथलाच. जालन्याला ख्रिस्ती वस्ती जुनी. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी शहराजवळ बेथेल नावाचं गावच वसवलं होतं. तिथल्या चर्चच्या कारकुनाला फोन केला, त्यांनी जन्मसाल आणि आजोबांचं नाव विचारून घेतलं आणि नोंदवहीतून नोंद काढून दाखला टपालानं पाठवला. मुलीची मंडळी मेथडिस्ट, मुलाची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. १९७०च्या नोव्हेंबरात नागपुरात अनेक पंथ एकत्र येऊन सीएनआय झाली तेव्हा मेथडिस्ट बाहेर राहिले. दोन्ही मंडळ्यांचे पाळक एकमेकांना चांगले ओळखतात, पण पत्र हे पत्रच. ते शिक्क्यानिशी लागतं.

मैत्रिणीच्या कागदांत नाव जुळेना. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर बायबलमधलं नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं. घरात एक नाव, शाळेत एक, असं तिच्या पिढीतल्या पुष्कळ ख्रिस्ती मुलींचं आहे. तिचे वडील दाखला हातात घेऊन बराच वेळ बसले होते. नावाखालच्या धर्माच्या रकान्यावर त्यांनी बोट ठेवलं. तिथे 'ख्रिश्चन' लिहिलेलं आहे. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतलं. ख्रिस्ती झालेले दलित अजून बाहेर आहेत. मराठवाड्यातल्या मंडळ्यांमध्ये याच समाजांतली घरं मोठ्या संख्येनं आहेत. त्या रकान्यात काय लिहायचं, हा प्रश्न प्रत्येक बापाला शाळेच्या दारात पडतो. काकांनी खरं ते लिहिलं आणि त्याची किंमत दोन्ही लेकरांच्या फीमध्ये भरली. "नाव बदललं होतं गुरुजींनी," ते म्हणाले, "हे नाही बदलू दिलं."

नावाचं माझ्या बाबांनी मनावर घेतलं. ते तहसीलमधून निवृत्त झालेले, असे कागद त्यांनी आयुष्यभर हाताळले. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत, असं प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतः मसुदा करून दिलं, आधार कोणत्या नावावर आहे ते तपासलं, आणि विवाहाच्या नोंदवहीत आधारवरचंच नाव जाऊ द्या, म्हणजे पुढे पासपोर्टला अडणार नाही, असं बजावलं. भाऊबीजेच्या दिवशी आमच्या घरात ओवाळणीचं ताट एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला या कागदांच्या झेरॉक्स असा पसारा होता.

मग लातूर. भावानं गाडी काढली, मी, मैत्रीण आणि तिची आई. लोहा, अहमदपूर, चाकूर करत सुमारे दीडशे किलोमीटर. सप्टेंबरच्या पावसानं यंदा सोयाबीनचं काय केलं ते रस्त्याच्या दोन्ही कडेला दिसत होतं. काही शेतांत काळ्या पडलेल्या गंजी, काहींत अजून पाणी. मुलाच्या चुलत्यांची शेती अहमदपूरकडे आहे. लग्नाचा खर्च कमी करायचं त्यांनीच सुचवलं, आणि मुलीकडच्यांनी ते लगेच मान्य केलं. हळदीच्या रात्रीचं मोठं जेवण रद्द, डीजे रद्द, वरातीला मंडळीचं भजनी पथक.

लातूरला गंजगोलाईत गेलो. १९१७ साली आखलेला हा गोल बाजार, सोळा रस्ते येऊन मिळतात. कापड, सोनं, भांडी, सगळं एका फेरीत होतं. पांढरी साडी हवी म्हटल्यावर पहिल्या दुकानातल्या मुलानं सुती धुवट पांढऱ्या साड्या काढल्या, आणि काकूंचा चेहरा उतरला. तेवढ्यात गादीवरचे मालक उठले. "चर्चचं लग्न आहे का?" त्यांनी विचारलं, आणि वरच्या फळीवरून स्वतः गठ्ठा उतरवला. दुधी पांढरा रेशमी पोत, काठाला बारीक सोनेरी जर, पदरावर वेलबुट्टी. त्यांनी साडी दारापाशी उजेडात नेली, कारण ट्यूबलाइटखाली पांढरा निळसर दिसतो आणि फोटोत तसाच येतो. मैत्रिणीनं गाऊनचा विचार तिथेच सोडला. चर्चमध्ये ही पांढरी, नंतर कार्यालयात हिरवा शालू. सराफाकडे मंगळसूत्राचं सांगितलं: काळे मणी, दोन वाट्या आणि मधोमध लहान क्रूस. त्याला चित्र काढून दाखवावं लागलं नाही. त्यानं याआधी केलेल्या नमुन्यांचा ट्रेच पुढे सरकवला. लातूरमध्ये ख्रिस्ती घरं अगदी थोडी, पण बाजाराला आपली गिऱ्हाइकं माहीत असतात.

संध्याकाळी मुलाच्या घरी दोघांना समोरासमोर बसवून तिथल्या पाळकांनी जे विचारलं ते मी विसरणार नाही. पगार किती, कर्ज किती, आईवडिलांना दर महिन्याला कोण किती देणार. एक नांदेडला, एक लातूरला, मग घर कुठे? दोघं गप्प झाले. शनिवार-रविवार येऊन-जाऊन करू, मुलगा म्हणाला. पाळक म्हणाले, "तिची रात्रपाळी रविवारी असली तर?" त्या प्रश्नावर अर्धा तास बोलणं झालं आणि जूनपर्यंत तिनं लातूरच्या दवाखान्यांत अर्ज करायचे, तोवर महिन्यातून दोनदा त्यानं नांदेडला जायचं, असं ठरलं. लग्न ठरवताना आपण मानपान, आहेर, पंगती यांवर तासन्‌तास घालवतो. हे बोलणं प्रत्येक लग्नाआधी कुणीतरी वडीलधाऱ्यानं घडवून आणलं पाहिजे, मग लग्न कुठल्याही पद्धतीनं लागो.

गाण्यांची निवड नांदेडला परत आल्यावर झाली. 'उपासना संगीत' हे मराठी मंडळ्यांचं गाण्यांचं पुस्तक. त्यात कृष्ण रत्नाजी सांगळे आहेत, रेव्हरंड नारायण वामन टिळक आहेत. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि अभंग-ओवीची चाल त्यांनी चर्चमध्ये आणली, म्हणून आजही पेटी-तबल्यावर, झांजांच्या ठेक्यावर ती गाणी बसतात. वधू आत येताना एक, प्रवचनाआधी एक, सह्या चालू असताना एक, बाहेर पडताना एक. पोरांना की-बोर्ड हवा होता, पेटी वाजवणाऱ्या मास्तरांना पेटी. ठरलं असं की आत येताना की-बोर्ड, बाकी सगळं पेटीवर. तालमीत मास्तर प्रत्येक कडव्यानंतर थांबवून शब्द स्पष्ट उच्चारायला लावत होते. ताल चुकला तर चालेल, शब्द गिळायचा नाही.

पत्रिकेत वर गणपतीच्या जागी क्रूस, त्याखाली करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या तेराव्या अध्यायातलं एक वचन, आणि मग आपलं नेहमीचं चि. आणि चि. सौ. कां., निमंत्रक, स्नेहांकित, सगळं जसंच्या तसं. जेवणाला बगारा भात आणि मटणाचा दालचा. शाकाहारी पंगत वेगळी, तिचा आचारी आणि चुलही वेगळी, तिथे वरण, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. नाताळच्या फराळाची जबाबदारी आईनं उचलली. दरवर्षी दिवाळीत आमचा डबा त्यांच्याकडे जातो आणि नाताळात त्यांच्या करंज्या-चकल्या आमच्याकडे येतात. यंदा काकूंना लग्नघरात तळण काढायला फुरसत नसणार, म्हणून दोन्ही वेळचा फराळ आमच्याच गॅसवर होणार आहे.

निघायच्या आदल्या दिवशी मैत्रिणीनं माझं आधार मागितलं. लग्न लागल्यावर नोंदवहीत पाळक, वर, वधू आणि दोन साक्षीदार सह्या करतात. तिच्या बाजूची सही तिला माझी हवी आहे. साक्षीदार ख्रिस्तीच असला पाहिजे अशी कायद्याची अट नाही, विश्वासार्ह असला पाहिजे इतकीच आहे. मी पाळकसाहेबांना विचारून खात्री केली आणि झेरॉक्स त्यांच्याकडे ठेवून आले.

बहुतेक पाहुणे शेवटची प्रार्थना झाली की जेवणाकडे वळतात आणि सह्या मागे राहतात. तुमच्याकडे अशी पत्रिका आली तर चारचं लग्न चारला गाठा, आणि त्या पाच सह्या होईपर्यंत बाकावरून उठू नका. आणि लग्न तुमच्याच घरचं असेल, तर कार्यालय अडवायच्या आधी दोघांचे बाप्तिस्म्याचे आणि शाळेचे दाखले शेजारी शेजारी ठेवून नावं ताडून पाहा. दुरुस्तीला किमान तीन महिने हाताशी हवेत.