मोठा जनरेटर, तरी बॅटरी अर्धीच

अ‍ॅरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटजवळ हिवाळ्यात हजारो लोक आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन वाळवंटात वीजजोडणीविना मुक्काम करतात. जनरेटर मोठा असला की बॅटरी लवकर भरते, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात वेग ठरवतो तो कन्व्हर्टर (१२० व्होल्टची एसी वीज बॅटरीजोगी डीसी करणारा चार्जर) आणि खुद्द बॅटरी. अरुंद तोंडाच्या बाटलीवर मोठा नळ सोडला, तरी पाणी त्या तोंडाइतकंच आत जातं. लेड-अ‍ॅसिड बॅटरी साधारण ८० टक्क्यांपर्यंत झपाट्याने भरते. मग ती स्वतःच कमी प्रवाह घेऊ लागते आणि उरलेल्या २० टक्क्यांना कित्येक तास लागतात. तेवढ्यासाठी जनरेटर घरघरत ठेवणं ही इंधनाची नासाडीच. ते काम सोलर पॅनेलवर सोपवावं. आणि जनरेटर खिडक्यांपासून किमान २० फूट दूर ठेवा. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.